केळ दहावीला बसत नाही

गिरीज,
ता. १० डिसेंबर २०००

ती. प्रमोदिनीताईंना जयवंतीचा नमस्कार.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा सांगून गेलात, फोन करायचा नाय, पत्र लिहायचं, लिहून लिहून हात सुटेल. म्हणून लिहिते. तसाही फोन शेजारच्या कृष्णाकाकींच्या ओटीवर आहे. आपण बोलायला लागलो की अख्खी आळी कान लावते.

निकाल लागला. परत नापास. नि कशात, तर मराठीत! गणित सुटलं, इंग्रजी सुटलं, जे बोलता येत नाय ते सगळं सुटलं. राहिलं ते मराठी. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर तोंड चालतं ते कुठल्या भाषेत?" तुमचे चुलतभाऊ, म्हंजे हे, जेवले नि पाटाचं पाणी बघायला वाडीत गेले.

ताई, मला भीती वाटते. पेपर हातात आला की अक्षरं हलतात. मी नववीत शाळा सोडली ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बरं वाटलं होतं, सुटले म्हणून. आता राधिका दोन वर्षांची झाली, नि जूनपासून गावचं महिला मंडळ बालवाडी काढतंय. गावातली दहावी झालेली बाई पाहिजे. मंडळाच्या बाई म्हणाल्या, जयवंती, तू मुलांना छान सांभाळतेस, तूच ये, पण दहावीचा कागद आण. जूनपर्यंत नाय आणलास तर वसईहून फ्लॅटमधल्या एक मॅडम येणार आहेत. ताई, मला ते काम पाहिजे. का पाहिजे ते नीट सांगता येत नाय. पण पाहिजे.

सासूबाई म्हणतात, मार्चला शेवटचं बस. मग पुस्तकं माळ्यावर.

सगळं मोडलं ते अलंकारात. पेपरात एक ओळ होती,
"लेकरांना पदराआड घेऊन
उभी दारची केळ वाऱ्यात."
अलंकार ओळखा. मी दहा वेळा वाचलं. मग लिहिलं, "यात अलंकार नाही. केळ अशीच उभी असते."

खोटं लिहिलं का मी? तुम्ही याच घरच्या. तुम्ही सांगा, केळ अशीच असते ना? पिल्लं बुडाशी, पानं वरून, वाऱ्याकडे पाठ. मग चुकलं काय?

अलंकार म्हंजे नक्की काय ते मला भाकरी थापायला शिकवल्यासारखं सांगा.

तुमची,
जयवंती


नाशिक,
१९ डिसेंबर २०००

प्रिय जयवंती,

तुझं पत्र शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि इतकी हसले की बाजूच्या बाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. "यात अलंकार नाही, केळ अशीच उभी असते." अगं, पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय, असं उत्तर कुणी लिहिलं नाही. शहरातल्या मुलांना केळ म्हणजे हातगाडीवरचं फळ. केळीला लेकरं असतात हे त्यांना नवल वाटतं, म्हणून अलंकार दिसतो. आपल्याकडे रोजचं बोलणंच तसं. केळ "व्याली" म्हणतो, बुडाच्या कोंबाला "पिल्लू" म्हणतो. तुझी चूक गिरीजच्या मुलीचीच चूक आहे. पण चूक आहे.

आता ऐक. पदर केळीला नसतो. पदर आईला असतो. ज्यानं ती ओळ लिहिली, त्यानं आईचा पदर काढून केळीला दिला. झाड किंवा वस्तू माणसासारखी वागते, रुसते, हसते, पदर सावरते असं बोललं की त्याचं नाव चेतनगुणोक्ती. नाव लांबलचक आहे, घाबरू नकोस.

एक गोष्ट दुसरीसारखी आहे म्हटलं की उपमा. सारखीबिरखी काही नाही, ती तीच आहे म्हटलं की रूपक. वाट्टेल तेवढं फुगवून सांगितलं की अतिशयोक्ती. एकच अक्षर पुन्हा पुन्हा कानावर आपटलं की अनुप्रास. आज एवढं पुरे.

अलंकार पुस्तकात जन्मत नाहीत गं, तोंडात जन्मतात. पुस्तक नुसतं बारसं करतं. तुझ्या घरात तर त्यांचा कारखाना आहे, आमची मनोरमाकाकू! तुझ्या सासूबाई आठ दिवस काय काय बोलतात ते लिहून काढ आणि प्रत्येकापुढे अलंकार लिहून पाठव. हा गृहपाठ. चोरून लिही, सापडलीस तर माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
प्रमोदिनीताई


गिरीज,
ता. ३ जानेवारी २००१

ती. ताईंना नमस्कार.

गृहपाठ केला. आठ दिवस सासूबाईंच्या मागे मागे फिरले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काय गं, शेपूट झालीस काय माझी?" ते पण लिहून घेतलं. रूपक.

बाकीचे असे.

मला उठायला उशीर झाला तर, "ही झोपते ती कुंभकर्णासारखी." उपमा. सोपी आहे.

नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी, "हाका मारून मारून माझा घसा अर्नाळ्यापर्यंत फाटला." अतिशयोक्ती. अर्नाळा केवढा लांब!

पंप चालू होईना तेव्हा पंपाला, "रुसलास काय रे बाबा? चल, ऊठ, माझा राजा." चेतनगुणोक्ती. ताई, पंपाशी त्या जेवढं गोड बोलतात तेवढं माझ्याशी बोलल्या तर मी पण एका बटनात चालू होईन.

शेजारच्या भांडणावर, "कृष्णाची काळी कोंबडी कुंपणात कशाला कडमडली?" अनुप्रास! हे ओळखलं तेव्हा मी चुलीपाशी एकटीच टाळी वाजवली.

तुमच्या भावाला, "माझा जितेश म्हंजे वाडीतला माड." रूपक. नि मला, "तू माडावरचं बांडगूळ." ते पण रूपकच ना? माड नि बांडगूळ, दोन्ही एका दमात.

एक नाय कळलं. मी चहा दिला तर म्हणाल्या, "हा चहा आहे का खाडीचं पाणी?" हे कशात घालू? त्यांना खरंच कळलं नव्हतं, का मुद्दाम?

आणखी एक वाक्य आहे. ते सासूबाईंचं नाय, दुसऱ्या कुणाचं. ते लिहीत नाय. त्याचा अलंकार मला माहीत आहे.

ताई, गंमत सांगू? आता त्या बोलल्या की मला पहिल्यासारखं लागत नाय. मी मनात म्हणते, उपमा. नि पुढे जाते. काल त्यांनी विचारलं, "हसतेस काय?" मी म्हटलं, काय नाय.

तुमची,
जयवंती


नाशिक,
१२ जानेवारी २००१

प्रिय जयवंती,

पैकीच्या पैकी! तुझा गृहपाठ मी नववीच्या वर्गात वाचून दाखवला, नाव न सांगता. पंपाला मुलांनी बाक वाजवले.

चहा आणि खाडीचा अलंकार आहे ससंदेह. हे की ते, असा संशय. काकूला संशय मुळीच नव्हता, तो मुद्दाम आणलेला. म्हणून तर अलंकार.

आता पुढची पायरी. मार्चला तुला ओळखायचेच नाहीत, स्वतःचे लिहायचेही आहेत. निबंध असतो, आत्मवृत्त असतं. स्वतःच्या आयुष्यातलं रूपक सापडलं की हात थांबत नाही. म्हणून विषय देते, तुझ्या घरचा, जिथे तू हरलीस तिथलाच. केळीवर वीस ओळी लिही. विचार कर, केळ एकदाच विते. घड उतरला की तिला तोडतात. ती जाते, तिचं पिल्लू तिच्या जागी उभं राहतं. एकदाच देणं आणि बाजूला होणं! बाईच्या जन्माचं याहून मोठं रूपक कुठलं? लिहून बघ, परीक्षक उठून उभे राहतील.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवतेय. पोहोचेपर्यंत पीठ झालं तर चमच्यानं खा.

तुझी,
प्रमोदिनीताई


नाशिक,
६ फेब्रुवारी २००१

जयवंती,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तिळगूळ मिळाला की नाही हेही कळलं नाही. परीक्षा एक महिन्यावर आली आणि तू गप्प.

मी काय समजू? काकूनं पुस्तकं माळ्यावर टाकली असतील तर तसं लिही, मी तिच्याशी बोलते, ती मला घाबरते. पण तूच कंटाळली असशील तर मात्र मला राग येईल. सोपं होतं तेव्हा टाळ्या आणि वीस ओळी लिहायला सांगितल्या की तोंड लपवायचं, असं चालत नाही. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना भीती वाटत नसते, त्यांना कष्ट नको असतात.

उत्तर पाठव.

प्रमोदिनी


गिरीज,
ता. १३ फेब्रुवारी २००१

ती. ताईंना नमस्कार.

पुस्तकं माळ्यावर आहेत. सासूबाईंनी नाय टाकली. मी टाकली.

तुम्हाला राग आला, येऊ द्या. मला पण आला होता तुमचा. मोठ्या माणसाचा राग येतो तेव्हा माझा हातच चालत नाय. म्हणून पत्र नाय.

आता सांगते. घरात कुणी कुणाला सांगत नाय ते सांगते. राधिका झाली तेव्हा रक्त थांबेना. डॉक्टरांनी जीव वाचवायला पिशवी काढली. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता मला दुसरं मूल होणार नाय. तुम्हाला कुणी कळवलं नाय, मला माहीत आहे. सासूबाई म्हणाल्या होत्या, झाकली मूठ.

पण मूठ उघडली. कृष्णाकाकींना कळलं. तेव्हापासून त्या मला केळ म्हणतात. समोर नाय म्हणत, बाजूच्या बाईला म्हणतात, पण मला ऐकू येईल असं. "मनोरमेच्या सुनेची केळ झाली गो. एकदा व्याली, संपली." बायका हसत नायत, पण गप्प पण करत नायत. हेच ते वाक्य, जे मी लिहिलं नव्हतं.

तुम्हाला गंमत वाटली ना, मी पेपरात केळीचा अलंकार ओळखला नाय म्हणून? मला दिसलाच नाय तो. दोन वर्षं मी रोज ऐकते, मी केळ. मला वाटतं ते खरंच आहे. वाडीत हे कोयता घेऊन घड उतरवतात नि मग खोडावर घाव घालतात, तेव्हा मी राधिकाला घेऊन घरात येते. माझं काम झालं, आता मला पण कुणीतरी बाजूला करणार असं वाटतं. हे दुसरी बायको करतील असं नाय, ते तसे नाय. पण जगाला माझी गरज संपली, असं. बालवाडीचं काम मला का पाहिजे ते आता तुम्हाला कळेल. मला अजून काहीतरी व्हायचं आहे, ताई. चोवीस वर्षांची तर आहे मी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकींनी सगळ्यांना वाण दिलं. माझ्यापाशी आल्या नि म्हणाल्या, "तुला काय देऊ, तू तर देऊन मोकळी." त्याच दिवशी घरी आले तर पोस्टमन तुमचं पत्र देऊन गेलेला. एकदाच देणं आणि बाजूला होणं. बाईच्या जन्माचं मोठं रूपक.

ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही पण तेच म्हणालात. मग ते खरंच असणार, असं मला वाटलं. मग मी पुस्तकं वर टाकली.

तिळगूळ मिळाला. राधिकाने खाल्ला.

जयवंती


नाशिक,
१७ फेब्रुवारी २००१

माझ्या जयवंती,

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहायला बसले. मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना मी सुंदर वाक्य करायला गेले आणि ते तुझ्या अंगावर पडलं. माफ कर मला. रागही मागे घेतला.

आता मात्र मी नणंद म्हणून नाही, मास्तरीण म्हणून बोलते. नीट ऐक, हे पुस्तकात आहे आणि परीक्षेलाही आहे.

उपमा असो, रूपक असो, त्यात दोन वस्तू असतात. जिच्याबद्दल बोलायचं ती उपमेय. जिच्याशी जुळवायचं ती उपमान. आणि दोघींत जो एक गुण सारखा असतो, त्याला साधारण धर्म म्हणतात. एक गुण! बाकी सगळ्या बाबतीत त्या दोन वस्तू वेगळ्या असतात. वेगळ्या असतात म्हणून तर तुलना करायची वेळ येते. मुखचंद्र म्हणतात, म्हणून काही त्या बाईचं तोंड आठ दिवसांनी अर्धं होत नाही. काकू तुला बांडगूळ म्हणाली, म्हणून तू माडावर चढून बसली नाहीस.

कृष्णाकाकी एक गुण धरून बसली आणि सगळी केळ तुझ्या गळ्यात बांधली. मीही तेच केलं, फक्त शुद्ध भाषेत. रूपक म्हणजे कायदा नव्हे, जयवंती. ते कुणीतरी बोललेलं वाक्य असतं. बोलणाऱ्याला विचारता येतं, की बाई गं, यात सारखं काय आणि वेगळं काय, ते सांग.

विचार तिला. तुला पुढच्या वेळी ती केळ म्हणाली की मान खाली घालू नकोस. पूर्ण उपमा माग.

आणि माळ्यावर चढ. आजच.

तुझी,
प्रमोदिनीताई

ता. क. वीस ओळी रद्द. केळीवर एक अक्षर लिहायचं नाही.


गिरीज,
ता. ४ मार्च २००१

ती. ताईंना नमस्कार.

गुरुवारी पेपर आहे. अभ्यास झाला. पण आधी हे सांगते, नाय तर पोट फुटेल. (अतिशयोक्ती.)

आमच्याकडे सुकेळी घातली आहेत. तुम्हाला माहीत आहे, पण मी लिहिते, लिहायचा सराव म्हणून. राजेळी केळी पिकली की सोलायची, कारवीच्या काठ्यांच्या मांडवावर उन्हात मांडायची, दिवसातून दोनदा परतायची, संध्याकाळी गोळा करून पानात झाकून ठेवायची. आठ दिवसांनी मधासारखी होतात. एकटीचं काम नाय, म्हणून आळीतल्या बायका येतात. आज आमच्या अंगणात सासूबाई, कृष्णाकाकी, त्यांची सून संपदा नि आणखी दोघी होत्या. संपदाला सहावा महिना आहे.

सोलता सोलता काकी संपदाला म्हणाल्या, "सावलीत बस गो बाय, दुसरेपणा आहे तुझा. आमच्या घरात भरभराट. नाय तर काहींचं केळीसारखं, एक घड नि कारभार आटोपला."

माझे हात चिकट होते, ताई. पण तोंड उघडलं. कसं उघडलं ते देव जाणे.

मी म्हटलं, "काकी, ही उपमा झाली. पुरी करा."

"काय झाली?"

"उपमा. मी केळीसारखी म्हणालात ना? कशात सारखी ते सांगा."

काकी बायकांकडे बघून हसल्या. "सांगायचं काय त्यात? केळ एकदाच विते. तू पण."

"बरोबर. हे एक झालं. दुसरं सांगा."

"दुसरं म्हंजे?"

"म्हंजे आणखी कशात सारखी? केळीचा घड उतरला की तोडतात. मला कोण तोडणार? तुम्ही कोयता आणलाय काय?"

संपदा फिसकन हसली. काकींनी तिच्याकडे असं बघितलं की केळ्याचं साल तिच्या हातातच राहिलं.

मी थांबलेच नाय. म्हटलं, "केळीला हात नायत, ती दुसऱ्याच्या अंगणात येऊन सुकेळी सोलत नाय. केळीला तोंड नाय, ती आळीभर बोलत फिरत नाय. म्हंजे काकी, तुमच्यात नि केळीत पण काय सारखं नाय, देवाची दया. नि केळ दहावीला बसत नाय. मी गुरुवारी बसतेय."

मांडवावर माश्या तेवढ्या बोलत होत्या. (हे आपोआप आलं, चेतनगुणोक्ती.)

काकी म्हणाल्या, "बघ मनोरमे, बघ तुझी सून! जीभ बघ केवढी!"

मी सासूबाईंकडे बघितलं. आता बांडगूळ येणार, म्हणून तयारीत होते. सासूबाईंनी हातातलं केळं मांडवावर मांडलं, सरळ केलं नि म्हणाल्या, "जीभ आत्ता दिसली होय तुला? मी चार वर्षं वाट बघतेय, ही कधी बोलते म्हणून. कृष्णे, तिचा जीव वाचला तेव्हा मी आगाशीच्या देवळात नारळ फोडला. तो काय केळ वाचवायला फोडला? परत माझ्या अंगणात ते नाव काढलंस तर तुझं सुकेळं तुझ्या घरी."

काकी उठल्या नायत. सुकेळ्यांत त्यांचा वाटा आहे. पण मग शेवटपर्यंत खाली बघून सोलत राहिल्या.

रात्री भांडी घासताना सासूबाई मला म्हणाल्या, "तुला लागत होतं तर सांगायचं नाय? मला वाटलं तू ऐकतच नायस. मी एवढं बोलते, तू तोंडातून हूं काढत नायस. मला वाटलं, हिला काय लागत नाय." मग म्हणाल्या, "उद्यापासून परतायचं मी बघते. तू पुस्तक घे. नि ते पंपाचं कुणाला लिहून पाठवलंस? प्रमोदिनीला? ती फोनवर हसत होती."

ताई! तुम्ही सांगितलंत?

तुमची,
जयवंती


नाशिक,
७ मार्च २००१

जयवंती,

हे पत्र तुला पेपरानंतर मिळेल, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. "तुम्ही कोयता आणलाय काय?" मी हे वाक्य दिवसभर तोंडात घोळवतेय. एक प्रश्न विचारलास आणि दोन वर्षांची दहशत खाली बसली.

पंपाचं मीच सांगितलं. काकूशी बोलायला काहीतरी विषय हवा होता. ती आधी चिडली, मग विचारायला लागली, "आणखी काय काय लिहिलंय माझं?" तिला आवडलंय गं.

उद्या जे होईल ते होईल, असं मी म्हणणार नाही. उद्या तू पास हो.

प्रमोदिनीताई


गिरीज,
ता. १५ मार्च २००१

ती. ताईंना नमस्कार.

पेपर झाला. केंद्र वसईला होतं. हे स्कूटरवरून सोडायला आले नि राधिकाला घेऊन बाहेर झाडाखाली बसून राहिले. आजूबाजूला सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, नंबर कुठे लागलेत?" तिला वाटलं मी सुपरवायझर. मी पण ऐटीत सांगितलं, वरच्या मजल्यावर.

पेपर हातात आला नि अक्षरं हललीच. मग मी डोळे मिटले नि म्हटलं, अक्षरं हलतायत ही चेतनगुणोक्ती. हलत काय नाय, मी घाबरलेय. डोळे उघडले तर थांबली होती.

अलंकाराची ओळ आली, "दिवसभराची दमली वाट, सांजेला जरा टेकली पाठ." सवयीने मनात आलं, वाट असतेच दमलेली, माणसं किती चालतात तिच्यावर. मग हसू आलं. पाठ वाटेला नसते. बरोब्बर लिहिलं.

आत्मवृत्ताला "बंद पडलेल्या घड्याळाचे मनोगत" होतं. मी घड्याळ झाले. लिहिलं की मी बंद पडलो म्हणून मला भिंतीवरून काढायची घाई करू नका. मी या घरातली सगळी लग्नं, सगळी बाळंतपणं बघितली आहेत. दिवसातून दोनदा तरी मी अजून बरोबर वेळ सांगतो. मला एकदा उघडून तर बघा. पान कधी उलटलं कळलंच नाय. घंटा झाली तेव्हा सरांनी माझ्या हातातून पेपर ओढून घेतला. ताई, आधी मी अर्ध्या तासात पेन खाली ठेवून बसायचे!

बाहेर आले तर हे म्हणाले, "कसा गेला?" मी म्हटलं, "वाऱ्यासारखा." ते म्हणाले, "म्हंजे चांगला का वाईट?" बघा, उपमा अर्धी सोडली की असं होतं.

आता जूनपर्यंत थांबायचं. मंडळाच्या बाई म्हणाल्या, वसईच्या मॅडमना अजून हो म्हटलेलं नाय, निकालापर्यंत थांबतो.

तुमची,
जयवंती


नाशिक,
२० जून २००१

जयवंती,

निकाल लागून दोन दिवस झाले. फोन केला तर कृष्णाकाकीच्या घरी कुणी उचलत नाही. काय झालं? चांगलं असो, वाईट असो, एक ओळ टाक. पंचवीस वर्षांत हजारभर मुलांचे निकाल पाहिले, कधी जेवण गेलं नाही असं झालं नव्हतं.

प्रमोदिनीताई


गिरीज,
ता. २९ जून २००१

ती. ताईंना जयवंतीचा साष्टांग नमस्कार.

पास! पास! पास! मराठीत अठ्ठावन्न.

पत्र उशिरा, कारण इथे कुणाला बसायला वेळ नाय. फोन उचलला नाय, कारण कृष्णाकाकी दवाखान्यात होत्या, संपदाच्या बाळाला नाकाला नळी लावली होती. आता बरं आहे, दोघं घरी आली. मी पण दोन रात्री तिथे झोपले, संपदाच्या थोरल्या, चार वर्षांच्या मुलीला आमच्याकडे राधिकाबरोबर ठेवून.

निकालाला मी एकटीच गेले. यांना म्हटलं, नका येऊ, यावेळी मला एकटीला बघू द्या. खिडकीतून गुणपत्रिका मिळाली. मी मराठीचा आकडा बोटाने झाकला नि बाकी सगळं आधी वाचलं, शाळेचं नाव, माझं नाव, आईचं नाव. मग बोट काढलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, पुढे सरका." मी म्हटलं, "सरकते हो, पास झालेय." रांगेतल्या सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे स्वतःचे निकाल यायचे होते त्यांनी पण!

घरी आले तर सासूबाई ओटीवर. मी बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, उठल्या नि सरळ रस्त्यावर गेल्या. बसस्टॉपवर जे जे उभे होते त्या सगळ्यांना सांगितलं, "आमची सून बोर्डात आली!" फुलवाल्या आग्नेलकाकांना सांगितलं, नव्वद टक्के. कंडक्टरला सांगितलं, जिल्ह्यात पहिली. बस आगाशीला पोहोचेपर्यंत मी कलेक्टर झाले असणार. मी म्हटलं, "आई, अहो, काहीतरीच काय सांगता?" तर म्हणतात, "गप बस. अतिशयोक्ती आहे. तुझ्याच पुस्तकात आहे, मी बघितलंय."

त्यांनी बघितलंय, ताई. मी झोपले की त्या माझी वही-पुस्तकं वाचत होत्या, त्यांच्याबद्दल आणखी काय लिहिलंय ते शोधायला.

कागद घेऊन मंडळात गेले. मंडळाच्या बाईंनी वाचला नि किल्ली काढून हातात दिली. बालवाडी सोमवारी उघडली. भिंतीला चुना मी नि ह्यांनी मिळून लावला. चौदा मुलं आहेत, निम्मी पहिल्या दिवशी रडली. राधिका सगळ्यात मोठ्याने. मी गाणं म्हटलं, मोठ्याने, खिडक्या उघड्या ठेवून. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता म्हणतात. मला मागे वळून बघायला सुचलंच नाय, कोण ऐकतंय नि कोण हसतंय.

नि कालचं ऐका. शाळा भरून अर्धा तास झाला नि दारात कृष्णाकाकी. नातीचा हात धरलेला. मुलगी वेणीफणी करून, पावडर लावून. काकी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, माझ्याकडे नाय, भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हिला पण घे. घरी बाळामुळे कुणाचं लक्ष नसतं. नि तुझ्याकडे रमते ती. रात्री झोपेत तुझी गाणी म्हणते."

मी मुलीचं नाव लिहून घेतलं. तिला राधिकाच्या बाजूला जागा दिली. मग काकींना म्हटलं, "नऊला आणायची, काकी. साडेनऊला आणलीत तर दार लावलेलं असेल."

काकी म्हणाल्या, "बरं."

एवढंच. नि निघाल्या. दोन पावलं गेल्या, परत वळल्या नि आळीत आजपर्यंत मला कुणी हाक मारली नव्हती तशी हाक मारली.

"अहो बाई, हिचा डबा राहिला माझ्याकडे!"

तुमची,
जयवंतीबाई, गिरीज बालवाडी